शाल-श्रीफळ नको, वयाचा गट द्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत साठीनंतरच्या व्यायामावर लेख आला होता तो वाचला आणि तेव्हापासून हे पत्र डोक्यात घोळतंय. लेख चांगला होता, रोज चालायला जा, आसनं करा, वजन आटोक्यात ठेवा, सगळं बरोबर, पण शेवटाकडं एक वाक्य होतं की गुडघ्याचा त्रास असलेल्या ज्येष्ठांनी स्पर्धेच्या भानगडीत पडू नये. त्या एका वाक्यासाठी लिहितेय. मी ६३ वर्षांची आहे, बँकेतून रिटायर झाले, उजव्या गुडघ्याची गादी झिजलीय, एक्स-रे बघून डॉक्टर ग्रेड टू म्हणालेत, आणि मी स्पर्धेत उतरते. ओरिएंटिअरिंगच्या. आणि जमतील तितकी वर्षं उतरणार आहे.

हा खेळ आपल्याकडं फार जणांना माहीत नाही म्हणून आधी तो सांगते. हातात एक नकाशा आणि होकायंत्र असतं, नकाशावर जांभळ्या रंगात एक त्रिकोण छापलेला असतो तिथनं सुटायचं, पुढं नंबर घातलेले दहा-बारा गोल असतात, त्या प्रत्येक गोलाच्या बरोबर मध्यावर जमिनीवर खरोखरची एक पांढरी-केशरी निशाणी टांगलेली असते, ती शोधायची, बोटात अडकवलेली छोटी काडी तिथल्या डबीत घालायची, पीप वाजलं की पुढच्या गोलाकडं. क्रम बदलायचा नाही, एकही निशाणी सोडायची नाही, शेवटी डबल गोल म्हणजे फिनिश. एका गोलापासून दुसऱ्यापर्यंत कुठल्या वाटेनं जायचं हे कोणी सांगत नाही, ते तुमचं तुम्ही ठरवायचं, आणि सगळा खेळ तिथंच आहे. जीपीएस बघायला बंदी, फोनवर विचारायला बंदी. एका गटातल्या माणसांना काही मिनिटांच्या अंतरानं एकेक करून सोडतात त्यामुळं पुढच्याची पाठ धरून पळायचीही सोय नाही. जो वेगात पळतो पण नकाशा बघत नाही तो पाच मिनिटात भलत्याच ओढ्यात असतो, आणि जो हळू जातो पण एकदाही थबकत नाही तो त्याच्या आधी पोचतो. गुडघा अधू असलेल्या माणसाला हा खेळ का धरून ठेवतो ते एवढ्यावरनं कळावं.

निघाला तो स्वीडन-नॉर्वेच्या फौजांमधनं, अनोळखी मुलखात सैनिकाला नकाशावरून वाट काढता यावी म्हणून. सामान्य लोकांसाठी पहिली जाहीर स्पर्धा १८९७ ला नॉर्वेत झाली, मग १९१९ ला स्वीडनमध्ये अर्न्स्ट किलांडर नावाच्या मेजरनं स्टॉकहोमजवळ मोठी स्पर्धा भरवली, कारण नुसत्या मैदानी पळण्यातनं पोरांचं लक्ष उडत चाललं होतं. त्यालाच या खेळाचा जनक मानतात. १९६१ ला आंतरराष्ट्रीय फेडरेशन झालं, १९६६ ला फिनलंडमध्ये पहिली जागतिक स्पर्धा झाली. हा इतिहास झाला, पण मला या सगळ्यात सर्वात मोलाची वाटते ती एकच गोष्ट, ती म्हणजे वयोगट. पस्तिशीच्या पुढं दर पाच वर्षांनी नवीन गट, ३५, ४०, ४५ असं करत करत थेट नव्वदीपर्यंत आणि त्याच्याही पुढं. जंगल एकच, दिवस एकच, पण प्रत्येक गटाचा कोर्स वेगळा आखलेला, वय वाढेल तसं अंतर कमी, चढ कमी, पण निशाण्या शोधायची डोकेफोड तेवढीच. मोठ्या वयाच्या गटांना नकाशासुद्धा मोठा करून छापून देतात, तरुणांना १:१५,००० चा तर आम्हाला १:७,५०० पर्यंत, म्हणजे चष्म्याच्या डोळ्यांचाही विचार केलेला असतो. दरवर्षी मास्टर्सची जागतिक स्पर्धा भरते, तिथं पस्तिशी ओलांडलेला कोणीही स्वतः फी भरून जाऊ शकतो, निवड चाचणी नाही की कोणाची शिफारस नाही.

मला नकाशाची गोडी एनसीसीमुळं लागली. कॉलेजला असताना सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट, म्हणजे चढउतार दाखवणारा सरकारी नकाशा, जमिनीवर पसरून, प्रिझमॅटिक कंपासनं बेअरिंग म्हणजे दिशेचा कोन घेऊन आपण नक्की कुठं उभ्या आहोत ते काढायचं, ग्रिड रेफरन्स, म्हणजे नकाशावरच्या चौकटींच्या आकड्यात जागा, सांगायचा, हे इतकं आवडायचं की परेडपेक्षा मी त्या तासाची वाट बघायचे. मग नोकरी, संसार, सासूबाईंचं आजारपण, ते सगळं मागं पडलं ते पडलंच. मुलगा स्वीडनला गोथेनबर्गला नोकरीला गेला आणि उन्हाळ्यात त्याच्याकडं जाणं-येणं सुरू झालं तेव्हा सूनबाईनं एका संध्याकाळी मला तिथल्या क्लबच्या सरावाच्या शर्यतीला नेलं. तिथं बघितलं तर बाबागाडीतलं पोर घेऊन आलेले आईबाप, शाळेतली पोरं, आणि ऐंशीच्या घरातल्या बायका, पायात कापडी गेटर्स बांधून, गळ्यात भिंग अडकवून, हसत-बोलत स्टार्टच्या रांगेत. कोणी त्यांचं कौतुक करत नव्हतं, कोणी फोटो काढत नव्हतं. त्या आपापल्या गटात धावायला आल्या होत्या, बस. मी त्या दिवशी सोप्या ओपन कोर्सला नाव दिलं आणि पुढच्या उन्हाळ्यापासून डी ६० गटात, डी म्हणजे तिकडचा बायकांचा गट. तिथं जंगलात कोणीही हिंडू शकतो, तो हक्क त्यांच्या घटनेतच आहे, त्यामुळं दर आठवड्याला कुठं ना कुठं निशाण्या लागलेल्या असतात. तिकडं ओ-रिंगेन नावाची पाच दिवसांची स्पर्धा १९६५ पासून होते, हजारोंनी लोक येतात, गावंच्या गावं तंबूत राहायला येतात असं वाटतं. २०२२ ला ती उप्सालाला होती तेव्हा मी पण एका टप्प्याला ओपन कोर्सला उतरले होते, फिनिशच्या मैदानावर जी गर्दी बघितली त्यात पांढऱ्या केसांची माणसं इतकी होती की माझा ऊर भरून आला.

आता इकडचं सांगते. काही वर्षांपूर्वी आपल्याच भागात डोंगरातली एक रन होती, नाव घेत नाही कारण आयोजक मनानं चांगली पोरं होती. वयाचा शेवटचा गट ४५ प्लस. म्हणजे ४६ वर्षांचा रोज पळणारा माणूस आणि साठी ओलांडलेली बाई एकाच गटात, पुरुष-बायका सगळ्या एकत्र. मी कोर्स पूर्ण केला, वेळेच्या मर्यादेत केला. बक्षीस समारंभात मला स्टेजवर बोलावलं, सर्वात ज्येष्ठ महिला स्पर्धक म्हणून शाल, श्रीफळ, माइकवरून "काकूंसाठी जोरदार टाळ्या". खाली उतरल्यावर मी टाइमिंगच्या टेबलाजवळ जाऊन विचारलं की माझा टाइम काय झाला. कागद चाळले, इकडं-तिकडं विचारलं, आणि शेवटी तो पोरगा म्हणाला, काकू तुमचा टाइम घ्यायचा राहिला बहुतेक, पण तुम्ही आलात हेच खूप आहे ओ.

हे मला फार लागलं आणि आजही लागतं. मी हेच खूप आहे यासाठी गेले नव्हते. मी चढावर किती मिनिटं लागली, उतारावर किती वाचवली, मागच्या वर्षीपेक्षा बरं झालं का वाईट, माझ्या वयाच्या दुसऱ्या बाईच्या तुलनेत मी कुठं आहे, हे बघायला गेले होते. आपण कोल्हापूरची माणसं, आपल्याला हे वेगळं सांगायला नको. शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान बांधलं तेव्हापासून आपण बघत आलोय, जोड लावताना वजन बघतात, वय बघतात, तयारी बघतात, तोडीस तोड जोड लागली तरच कुस्तीला रंग येतो आणि हरणारा पैलवानसुद्धा मान वर करून मैदानाबाहेर येतो. वयस्कर माणसाला पण तीच जोड पाहिजे असते. स्पर्धा म्हणजे काय ते आमच्या पिढीला कळतं, आम्ही तालमींच्या आणि फुटबॉलच्या गावात वाढलोय. टाळ्यांनी पोट भरत नाही, माझ्यासारखीच गुडघ्याला पट्टा लावलेली एखादी ६५ वर्षांची इचलकरंजीची किंवा गारगोटीची बाई मला चार मिनिटांनी हरवून गेली तर मला जास्त आनंद होईल.

गुडघा अधू असताना स्पर्धा कशी करता असं लोक विचारतात, तर एक लेग सांगते म्हणजे नीट समजेल. दोन निशाण्यांमधल्या टप्प्याला लेग म्हणतात. गोथेनबर्गच्या कडेच्या जंगलात सहाव्या निशाणीवरनं सातवीला जायचं होतं, सरळ रेषेत साडेचारशे मीटर, पण मध्ये एक लांबट टेकाड आडवं. नकाशावर उंची दाखवणाऱ्या तपकिरी रेषा मोजल्या, आठ, एक रेष म्हणजे पाच मीटर, म्हणजे ४० मीटर चढायचं आणि पलीकडं तेवढंच उतरायचं. डाव्या हाताला मात्र टेकाडाच्या पायथ्यानं एक पायवाट वळसा घालून जात होती, साधारण साडेसातशे मीटर. आमच्या खेळात एक ढोबळ हिशोब आहे की एक मीटर चढ म्हणजे सपाटीवरचे दहा मीटर धरायचे. म्हणजे सरळ रस्ता साडेचारशे अधिक चारशे, साडेआठशेचा, आणि वळशाचा रस्ता साडेसातशेचा, आणि त्यात माझ्यासाठी तो पलीकडचा उतार वाचतोय ही सर्वात मोठी कमाई, कारण माझा गुडघा चढाला कुरकुरत नाही, उताराला रडवतो. माझ्या पुढंच एक पंचेचाळिशीची बाई होती, दुसऱ्या कोर्सची, पण ही निशाणी दोघींना सामायिक होती, ती सरळ टेकाडावर घुसली, दमदार होती, शेवाळलेल्या दगडांवरनं झपझप वर गेली. मी वाटेला लागले, नकाशा दुमडून अंगठा आपण आहोत त्या जागेवर ठेवला, जसजसं पुढं जाऊ तसतसा अंगठा सरकवायचा, म्हणजे कुठल्याही क्षणी आपण कुठं आहोत ते बघायला थांबावं लागत नाही. वाट जिथं ओढ्याला चिकटते तो कोपरा मी आधीच मनात धरून ठेवलेला, तिथनं होकायंत्र लावून ८० मीटर सरळ आत, एक मोठा धोंडा, त्याच्या उत्तर बाजूला निशाणी. मी काडी घालत होते आणि वरनं ती उतरत आली, आमच्या दोघींची पीप एकामागोमाग एक वाजली. तिच्या-माझ्या पळण्याच्या वेगात दुपटीचा फरक असेल. फिनिशला प्रत्येक लेगचा टाइम छापून देतात ती चिठ्ठी माझ्याकडं अजून आहे, सातवीचा लेग माझ्या गटात मी दुसरी होते.

म्हणून मला तो लेखातला सल्ला पटत नाही. गुडघ्याचा त्रास असलेल्यानं स्पर्धा करू नये असं सरसकट म्हणण्यापेक्षा कुठली स्पर्धा, कुठल्या जमिनीवर, किती अंतर, हे विचारायला पाहिजे. मी डॉक्टर नाही, ज्याला जायचं त्यानं आपल्या डॉक्टरांना विचारूनच जावं, पण माझ्या फिजिओथेरपिस्टनं मला पहिल्याच दिवशी जे सांगितलं ते सगळ्यांना कळायला पाहिजे असं वाटतं. साधं चालताना सुद्धा गुडघ्यावर आपल्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो, जिना उतरताना त्याहून जास्त, आणि तो भार झेलायचं काम मांडीचे पुढचे स्नायू करतात. ते स्नायू बसून बसून लुळे पडले की सगळा भार सांध्यावर. म्हणजे गुडघा दुखतो म्हणून बसायचं, बसलं की मांडी सुकते, मांडी सुकली की गुडघा आणखी दुखतो, असं ते चक्र आहे आणि आपल्याकडच्या निम्म्या बायका त्या चक्रात आहेत. मी माझ्या आसपास बघते, पन्नाशी झाली की "वंगण संपलं" म्हणून बायका खाली बसायचं सोडतात, मग जिना सोडतात, मग जोतिबाला जायचं सोडतात, आणि घरचे पण म्हणतात, आई तू बस, आम्ही करतो. प्रेमानंच म्हणतात, पण त्या प्रेमानं माणूस खुर्चीला खिळतो.

माझं रोजचं काय ते सांगते. सकाळी गॅसवर चहा ठेवला की ओट्याला धरून खुर्चीत बसल्यासारखं अर्धं खाली जायचं, तिथं दहा आकडे मोजेपर्यंत थांबायचं, वर यायचं, असं चहा उकळेपर्यंत. मग जिन्याच्या खालच्या पायरीवर एक पाय ठेवून दुसरा अगदी सावकाश खाली टेकवायचा, हा व्यायाम कंटाळवाणा आहे पण उतारावर जी ताकद लागते ती यातनंच येते. एका पायावर उभं राहून दात घासायचे, त्यानं तोल सुधारतो, कारण जंगलात गुडघ्यापेक्षा घोटा मुरगळायची भीती जास्त. शर्यतीत मी उतारावर पळत नाही, कितीही मागनं कोणी येवो, उतार मी चालतच उतरते, तिरकी, आणि सपाटीवर हळू पळते. तिकडचं जंगल शेवाळाचं, मऊ, त्यामुळं डांबरी रस्त्यावर पळण्यापेक्षा गुडघ्याला सोपं जातं, पण ओले दगड आणि आडवी पडलेली झाडं जपून. गुडघा सुजला तर त्या आठवड्यात शर्यत नाही, हा नियम मी मोडत नाही.

आता प्रश्न असा की हे कोल्हापुरात का होऊ नये. आपल्याइतकी चांगली जमीन कोणाकडं आहे? जोतिबाच्या डोंगराच्या सोंडा, कात्यायनीच्या टेकड्या, पन्हाळ्याच्या पायथ्याच्या घळी, पाणंदी, बांध, ओढे, विहिरी, धनगरवाडे, नकाशावर दाखवता येतील अशा खुणा पावलापावलावर. पन्हाळा ते पावनखिंड दर पावसाळ्यात हजारो लोक चालतात, मी पण चालले आहे, त्यातली भक्ती मोठी आहे आणि तिला माझा नमस्कार, पण त्यात कोणाला नकाशा उघडावा लागत नाही, पुढच्याच्या पाठीमागं जायचं आणि गाईड सांगेल तिथं थांबायचं. त्याच मुलखातली पोरं हातात नकाशा आणि होकायंत्र घेऊन एकटी एकटी वाट काढायला शिकली तर किती बरं होईल, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे आजी-आजोबा पण, आपापल्या कोर्सवर.

अडचण नकाशाची आहे हे मला मान्य. टोपोशीट १:५०,००० ची असते, त्यात २० मीटरला एक रेष, त्यावर एखादा धोंडा किंवा बांधाचा कोपरा दिसत नाही. या खेळाचा नकाशा वेगळा काढावा लागतो, मोकळं जंगल पांढरं, उघडा माळ पिवळा, जाळी जितकी दाट तितकी हिरवी गडद, पाणी निळं, खडक काळे. त्यासाठी माणसाला हातात पॅड घेऊन इंच इंच जमीन हिंडावी लागते. पण पूर्वी जी परवानग्यांची भीती होती ती आता राहिली नाही, फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या नव्या धोरणानंतर संवेदनशील जागा सोडल्या तर भारतीय माणसाला किंवा संस्थेला नकाशा काढायला आधी मंजुरी घ्यावी लागत नाही. ओपन ओरिएंटिअरिंग मॅपर नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, कोर्स आखायला पर्पल पेन आहे, ते पण फुकट. सुरुवातीला जंगलात जायचीसुद्धा गरज नाही, आपल्या शिवाजी विद्यापीठाचा परिसर साडेआठशे एकरांच्या आसपास आहे, झाडी, तळी, माळ, इमारती, वाटा सगळं एका कुंपणात, गाड्यांची भीती कमी, सकाळी शेकडो लोक तिथं फिरायला जातातच. भूगोल विभाग तिथंच आहे. विद्यार्थ्यांना फील्डवर्क पाहिजे असतं आणि आम्हाला नकाशा पाहिजे, यापेक्षा चांगली गाठ कुठं पडणार.

डोंगराकडं जायचं तर दिवाळीनंतर ते होळीपर्यंत जावं, पावसाळ्यानंतर लगेच गवत कमरेएवढं असतं, खालचा दगड दिसत नाही आणि घोणस असते. मसाई पठारावर फुलांच्या दिवसात अजिबात पळू नये, तो कातळ कडक दिसतो पण त्यावरची फुलं नाजूक असतात. पन्हाळ्याच्या तटबंदीच्या आत पण नको, २०२५ ला युनेस्कोच्या यादीत गड गेलाय, तिथं एक दगड हलता कामा नये. शेतातनं जायचं तर मालकाला आधी विचारायचं, ऊस उभा असेल तर ते शेत नकाशावर बंद म्हणून दाखवायचं, स्वीडनला पण उभ्या पिकात पाऊल टाकलं तर बाद करतात.

आणि ज्यांना चालताच येत नाही त्यांचं काय, तर त्यांच्यासाठी ट्रेल-ओ नावाचा प्रकार आहे आणि त्याच्याविषयी मला मुद्दाम लिहायचंय. त्यात पळायचं नसतं. वाट सपाट असते, व्हीलचेअर जाईल अशी. वाटेवर ठरलेल्या जागी थांबून समोर बघायचं, दूरवर तीन-चार-पाच निशाण्या दिसतात, त्यातली नकाशातल्या गोलाशी बरोबर जुळणारी कुठली ते ओळखायचं, कधी कधी एकही बरोबर नसते, ते पण ओळखायला लागतं. बरोबर उत्तराला गुण. घड्याळ लावतात ते फक्त एक-दोन खास ठिकाणी, तेही खुर्चीत बसवून. २००४ ला स्वीडनच्या वेस्टेरोसला याची पहिली जागतिक स्पर्धा झाली, आणि तिथं खुल्या गटात व्हीलचेअरवरची माणसं आणि धडधाकट माणसं एकाच यादीत असतात. हे आपल्या रंकाळ्याच्या काठावर किंवा टाऊन हॉलच्या बागेत एका रविवारी सकाळी सहज होईल. माझ्या मैत्रिणीचे यजमान पक्षाघातानंतर घरात आहेत, आयुष्यभर पाटबंधारे खात्यात नकाशे काढले त्यांनी, रेषेवर रेष बसली नाही तर जेवायचे नाहीत. त्यांना एकदा असं बसवून बघा, आपण सगळे मागं राहू.

माझं मागणं एवढंच आहे. आपल्या जिल्ह्यात ज्या ज्या संस्था डोंगरातल्या शर्यती, सायकल, चालणं, काय असेल ते भरवतात त्यांनी ४५ प्लस हा एकच डबा बंद करून पाच-पाच वर्षांचे गट करावेत, बायकांचे वेगळे, आणि गटात एकच जण असला तरी त्याचा टाइम नीट घेऊन यादीत छापावा. एक जण आज आहे, यादीत नाव दिसलं की पुढच्या वर्षी चार येतील. अंतर कमी ठेवा पण कोर्स सोपा करू नका. आणि तुम्ही, म्हणजे तुमच्या पेपरनं, निकाल छापताना वरच्या तीन पोरांबरोबर ६० च्या पुढच्या गटांचे टाइम पण छापा, फोटो नाही छापला तरी चालेल, टाइम छापा.

विद्यापीठ परिसराचा नकाशा करायला कोणी प्राध्यापक, एनसीसीचे कोणी निवृत्त अधिकारी किंवा गिर्यारोहण करणारी पोरं तयार असतील तर त्यांनी पेपरच्या पत्त्यावर मला पत्र लिहावं, मी भेटायला येते. इलेक्ट्रॉनिक डब्या महाग पडतात, पण जुन्या पद्धतीच्या टोचण्या चालतात, प्रत्येक निशाणीला वेगळ्या नक्षीची टोचणी टांगायची आणि कार्डावर भोकं पाडून आणायची, त्यात काही बिघडत नाही. निशाण्या मी शिवून देते. तीन बाजूंचा कापडी डबा, प्रत्येक बाजू ३० बाय ३० सेंटिमीटर, तिरकी शिवण, वरचा त्रिकोण पांढरा, खालचा केशरी. नमुन्याची एक शिवून झालीय, बाकीच्यांसाठी कापड महाद्वार रोडवरनं आणून ठेवलंय.

कळावे,
आपली नियमित वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर